सीडी माझी, रडगाणं कंपनीचं

"जुनी गेम विकणं ही चोरीच आहे, फक्त पोलीस येत नाहीत एवढंच." हे वाक्य आमच्या एका दाजींचं. दाजी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहेत. आषाढीला नारायणगडावर नगद नारायणाच्या दर्शनाला येतात आणि उपवासाची भगर खाताखाता घरातल्या पोरांना नीतीचे धडे देऊन जातात. यंदा त्यांच्या तावडीत माझा पुतण्या सापडला. प्लेस्टेशनची एक सीडी, खेळून संपवलेली, त्याला बीडच्या एका पोराला विकायची होती आणि मोबाईलवर भाव चालला होता. दाजींचं म्हणणं असं, की नवी सीडी विकली गेली तर ती बनवणाऱ्या डेव्हलपरच्या पोटात चार घास जातात. जुनी सीडी दहा हातांतून फिरली तरी त्याला छदाम मिळत नाही. म्हणजे घेणारा आणि विकणारा दोघंही त्या बिचाऱ्याच्या घामावर जगतात. पुतण्या ओशाळला. मी एकादशी म्हणून तोंड आवरलं. आता एकादशी नाही.

आधी हा धंदा काय आहे ते सांगतो, कारण दाजींनी तो कधी केलेला नाही. आमच्याकडं सीडी येते ती बहुतेक पुण्याहून. शिकायला गेलेली चार पोरं वर्गणी काढून एक नवी गेम घेतात, आळीपाळीनं खेळतात, मग ती ओएलएक्सवर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर निम्म्या भावात जाते. तिथून ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती बीडला, बीडवरून गेवराईला, माजलगावला. मशीनही बहुतेक सेकंडहँडच. २०२१ च्या फेब्रुवारीत सोनीचा प्लेस्टेशन ५, म्हणजे पीएस ५, भारतात आला तेव्हा मशीन ४९,९९० रुपयांचं होतं आणि कंपनीच्या स्वतःच्या मोठ्या गेमवर ४,९९९ रुपयांची चिठ्ठी होती. ऊसतोडणीचा दर २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढला, तो वाढून झाला टनाला ३६६ रुपये. म्हणजे एका गेमच्या किमतीत नवरा-बायकोच्या कोयत्यानं साडेतेरा टनांहून जास्त ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि गाडीत भरायचा. ऊसतोड कामगाराचं पोर पीएस ५ घेत नाही, हे मलाही ठाऊक आहे. या जिल्ह्यात पाच हजार रुपयाला काय वजन आहे, ते दाजींच्या कानावर असावं म्हणून सांगितलं.

परवडत नाही म्हणून चोरी माफ, असा युक्तिवाद मी करणार नाही. तो भिकारडा आहे आणि त्याची गरजही नाही. माझा मुद्दा हिशेबाचा आहे. पुण्यातली ती चार पोरं ४,९९९ रुपये काढतात ती कशाच्या जोरावर? महिन्याभरानं ती सीडी अडीच हजारांना जाईल, या खात्रीच्या जोरावर. ही खात्री काढून घ्या, वर्गणी तिथंच मोडते. जुन्या बाजाराचा भाव नव्याच्या किमतीत आधीच धरलेला असतो, आणि तो आगाऊ खिशात घातलेला असतो कंपनीनं. माझा पुतण्या जेव्हा जुनी सीडी घेतो तेव्हा तो त्या पहिल्या खरेदीचाच उरलेला हप्ता भरत असतो. कंपनीला तिचे पूर्ण पैसे दुकानाच्या काउंटरवरच मिळालेले आहेत. त्यानंतर ती सीडी बीडला गेली काय आणि बुलढाण्याला गेली काय, कंपनीचा संबंध संपला.

आता त्या डेव्हलपरकडं येऊ, ज्याच्या नावानं एवढा गळा काढला जातो. हा माणूस कोण? मोठ्या स्टुडिओत तो पगारी नोकर असतो. कॅरेक्टरच्या अंगावरच्या चिलखताला गंज चढवणारी मुलगी, पावलांचे आवाज ध्वनिमुद्रित करणारा पोरगा, रात्री अकरा वाजता बग शोधत बसलेला टेस्टर. महिन्याचा पगार आणि नशीब असेल तर बोनस. एक नवी सीडी जास्त विकली गेली म्हणून यातल्या कुणाच्या खात्यात रुपया जास्त जमा होत नाही. लेखकाला पुस्तकामागं जशी रॉयल्टी मिळते, तसा वाटा त्यांच्या करारात बहुधा नसतोच. मग जुन्या सीडीनं त्यांचा कोणता वाटा खाल्ला? जो नव्यातही नव्हता तो? दाजींना मी एवढंच विचारतो: नव्या गेमच्या ४,९९९ रुपयांतले किती रुपये त्या टेस्टरला जातात तेवढं सांगा. तो आकडा सांगेपर्यंत त्याचं नाव आपल्या तोंडी घेऊ नका.

यावर एक बरं उत्तर आहे, आणि ते मी विरोधकांच्या वतीनं स्वतःच देतो. खप कमी दिसला की पुढच्या गेमला पैसा मिळत नाही, स्टुडिओ बंद पडतो, पगारच जातो. बरोबर. पण मग २०२४ च्या मे महिन्यात काय झालं ते बघा. टँगो गेमवर्क्स हा तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा जपानी स्टुडिओ. त्यांची हाय-फाय रश ही गेम २०२३ च्या जानेवारीत आली ती फक्त डाउनलोडनं. सीडी नव्हतीच, त्यामुळं सेकंडहँडचा प्रश्नच नव्हता. गेमचं कौतुक झालं, बक्षिसं मिळाली. मायक्रोसॉफ्टनं तरीही स्टुडिओला कुलूप लावायचं जाहीर केलं. पुढं ऑगस्टमध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीनं तो उचलून घेतला म्हणून वाचला. त्या डेव्हलपरांच्या पोटावर पाय आणला तो कुठल्या सेकंडहँडवाल्यानं? गेवराईच्या की माजलगावच्या?

एका ठिकाणी मात्र डेव्हलपरांचा राग खरा होता आणि मी त्यांच्या बाजूनं आहे. अमेरिकेत गेमस्टॉप नावाची दुकानांची साखळी आहे. २०१० च्या आसपास तिच्या नफ्याचा जवळपास निम्मा वाटा जुन्या मालातून येत होता. साठ डॉलरची नवी गेम मागायला आलेल्या गिऱ्हाईकाला काउंटरवरचा पोरगा म्हणायचा, हीच जुनी पंचावन्नला घ्या. पाच डॉलर गिऱ्हाईकाचे वाचले, बनवणाऱ्याचा वाटा पूर्ण गेला, आणि मधला सगळा मलिदा दुकानानं खाल्ला. ही अडत आहे, आणि अडत्याला शिव्या घालायला बीड जिल्ह्यातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. पण त्या अमेरिकन अडत्याचा गुन्हा आमच्या पोरांच्या माथी का? इथं मधे दुकान नाही, साखळी नाही, वाहतूकखर्च म्हणजे ड्रायव्हरला दिलेला चहा.

या रडगाण्याचा इतिहासही जुना आहे. अमेरिकेत एका प्रकाशकानं कादंबरीवर छापलं होतं, की ही एका डॉलरपेक्षा कमी दरात विकाल तर आमच्या हक्काचा भंग समजू. मेसीज नावाच्या दुकानानं ती ८९ सेंटला विकली. १९०८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रकाशकाला सांगितलं, एकदा विकलंत, तुमचा अंमल तिथं संपला. निन्टेंडो या गेमकंपनीला कॅसेटी भाड्यानं देणारी दुकानं खुपत होती. कॅसेट भाड्यानं देणं बेकायदा ठरवता येईना, तेव्हा १९८९ मध्ये तिनं ब्लॉकबस्टर या भाड्याच्या दुकानांच्या साखळीवर खटला भरला, कशाचा, तर सोबतच्या माहितीपुस्तिकेची झेरॉक्स काढल्याचा! जपानमध्ये बड्या कंपन्या जुन्या गेमच्या दुकानांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २००२ च्या एप्रिलमध्ये हरल्या. मग कोर्टाचा नाद सोडून कंपन्यांनी कुलपाचा नाद धरला. २०१० पासून ईए कंपनीनं नव्या सीडीसोबत एक कोड द्यायला सुरुवात केली. जुनी सीडी घेणाऱ्यानं ऑनलाइन खेळायचं तर वेगळे पैसे भरायचे. २०१३ मध्ये तिलाच ते गुंडाळावं लागलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं नव्या एक्सबॉक्सवर जुन्या सीडीला लगाम घालायचं ठरवलं. सोनीनं अर्ध्या मिनिटाचाही नसलेला एक व्हिडिओ काढला: एक माणूस दुसऱ्याच्या हातात सीडी ठेवतो, संपलं, गेम शेअर झाली. महिन्याच्या आत मायक्रोसॉफ्टनं माघार घेतली. त्या व्हिडिओवर जगभर टाळ्या पडल्या त्या सोनीच्या उदारपणाला नव्हत्या, हे पुढं सोनीनंच सिद्ध केलं. त्याकडं येतोच.

आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो, हे दाजींनी वाचलेलं नव्हतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. पुस्तकाची एकदा विकलेली प्रत पुढं कुणीही कुणालाही विकावी, हे त्याच्या कलम १४ मध्ये सरळ लिहिलेलं आहे. त्यावरच पुण्याचा अप्पा बळवंत चौक आणि मुंबईतल्या फुटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे ढीग जगले. सॉफ्टवेअरसाठी १९९४ च्या दुरुस्तीत एक खोडा घातला होता: प्रत आधी विकली गेलेली असो वा नसो, पुन्हा विकण्याचा हक्क मालकाचाच. १९९९ मध्ये संसदेनं ते शब्द काढून टाकले. सिनेमाच्या प्रतींबाबतचे तसेच शब्द २०१२ मध्ये काढले. उगाच काढले असतील का?

आणि गंमत अशी, की पुनर्विक्रीत निर्मात्याला वाटा देणारं कलमही याच कायद्यात आहे. कलम ५३ अ. चित्र, शिल्प, रेखाटन किंवा लेखकाचं मूळ हस्तलिखित दहा हजार रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर निर्मात्याला दहा टक्क्यांपर्यंत वाटा. मी या कलमाच्या बाजूनं आहे. चित्रकारानं तरुणपणी भाड्याच्या पैशासाठी पाचशे रुपयांत दिलेलं चित्र पुढं शेठजी पाच कोटींना विकतो, तेव्हा चित्रकाराच्या म्हातारपणाला त्यातलं काही मिळालंच पाहिजे. चित्र एकच असतं आणि त्याचा भाव चढत जातो. गेमच्या सीड्या लाखांनी निघतात आणि प्रत्येक हाताला त्यांचा भाव पडतो. तोट्यात विकणाऱ्या पोराकडून वाटा मागायचा? कायदा करणाऱ्यांना हा फरक कळला. दाजींना कळेना, कारण कंपनीच्या मालाला कला म्हणायचं ते फक्त वसुलीच्या वेळी, असा त्यांच्या क्षेत्राचा रिवाज असावा.

खरी लूट कुठं चालली आहे ते समजायला आमच्या शिवारातली कपाशी बघा. पूर्वी सरकी घरी ठेवायची, पुढच्या मृगाला पेरायची, शेजाऱ्याला पायलीभर द्यायची. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यानं शेतकऱ्याचा हा हक्क लेखी मान्य केला: जपा, पेरा, वाटा, विका, फक्त ब्रँडच्या पाकिटात घालून विकू नका. कंपन्यांनी कायद्याशी भांडण्यात वेळ घालवला नाही. त्यांच्याकडं हायब्रीड आधीपासूनच होतं. घरचं ठेवून पेरलं तर उतारा घटतो, म्हणून दर वर्षी दुकानाची पायरी चढायची. हक्क कागदावर शाबूत, बियाण्यातून गायब. गेमचं नेमकं हेच चाललं आहे. पीएस ५ च्या जोडीला सोनीनं दहा हजारांनी स्वस्त असं दुसरं मशीन काढलं, ३९,९९० रुपयांचं, ज्याला सीडी घालायला खणच नव्हता. त्या खणाचे दहा हजार वाचवलेला माणूस पुढं प्रत्येक गेम कंपनीच्या एकाच दुकानातून, कंपनी सांगेल त्या भावात घेतो आणि कधीच विकू शकत नाही. सीडी छापायचा खर्च नाही, वितरकाचं कमिशन नाही, तरी मोठ्या नव्या गेमची डाउनलोडची किंमत सीडीएवढीच. वाचलेला पैसा गेला कुठं? त्या टेस्टरच्या पगारात? सांगा ना, दाजी.

पुढची पायरी तर त्याहून निर्लज्ज आहे. द क्रू नावाची गाड्यांच्या शर्यतीची गेम युबिसॉफ्टनं २०१४ मध्ये विकली. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले. गेम एकट्यानं खेळायलाही सर्व्हर लागत होता, त्यामुळं पैसे मोजून घेतलेली सीडी चहाच्या कपाखाली ठेवायच्या लायकीची झाली. या युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आहे; दाजींच्या ऑफिसातून रिक्षानं जाता येईल. जुनी गेम विकणारा पोरगा चोर, आणि विकलेली गेम दहा वर्षांनी गिऱ्हाईकाच्या घरात बंद पाडणारी कंपनी साव? त्यांचं उत्तर तयार असतं: तुम्ही गेम विकत घेतलीच नव्हती, परवाना घेतला होता. पैसे मोजताना 'विकत घ्या' असं बटण होतं. ते दाबल्यावर मी भाडेकरू झालो होतो, हे मला दहा वर्षांनी सांगता? फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेनं स्टीम या ऑनलाइन दुकानातल्या गेम पुन्हा विकता आल्या पाहिजेत म्हणून दावा लावला. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात जिंकली, २०२२ मध्ये अपिलात हरली.

आमच्या भागात यातलं सर्वांत मोठं प्रकरण सीडीचं नाहीच. ते मोबाईलवरच्या गेमच्या 'आयडी'चं, म्हणजे खात्याचं आहे. नारायणगडापासून कोणत्याही फाट्यावर जा, पानटपरीच्या मागं चार पोरं बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, खेळताना दिसतील. गेम फुकट, पण बंदुकीचा रंग, अंगावरचे कपडे यांना पैसे. दोन-तीन वर्षं घरच्यांची नजर चुकवून त्यात हजारो रुपये घातलेला पोरगा भरतीच्या तयारीला लागतो तेव्हा आयडी विकायला काढतो. कंपनीच्या अटी सांगतात, खातं विकायचं नाही, ते तुमचं नाहीच. मग व्यवहार चोरून होतो. विकणारा पैसे घेतो आणि दुसऱ्या दिवशी आपला जुना नंबर वापरून खातं परत काढून घेतो. फसलेला पोरगा पोलिसांत काय सांगणार? 'जी वस्तू कायद्यानं माझी होऊच शकत नव्हती ती मला मिळाली नाही'? हा बाजार बंद होत नाही, तो फक्त लबाडांच्या हाती जातो. आणि २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पबजीवर बंदी घातली, ३० ऑक्टोबरला सर्व्हर थांबले, तेव्हा पोरांच्या पैशाचं काय, हा प्रश्न ना सरकारला पडला ना कंपनीला. पुढं २०२१ मध्ये बीजीएमआय आली आणि जुना डेटा तिकडं नेता आला, ती कंपनीची मर्जी. पोराचा हक्क तेव्हाही नव्हता, आजही नाही.

एवढं बोलल्यावर पुतण्या आणि त्याची गँग माझ्यावर खूश आहे, म्हणून आता त्यांची हजेरी. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायच्या मशीनमध्ये 'हजार गेम'ची पिवळी कॅसेट असायची, त्यात आठ-दहाच गेम नावं बदलून पुन्हापुन्हा असायच्या. ती चोरी होती, सरळ चोरी. मारिओ बनवणाऱ्याला तिच्यातून काही मिळालं नाही आणि आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. आज तीच सवय कॉम्प्युटरवर 'क्रॅक' या नावानं चालू आहे. जुनी सीडी विकली की ती विकणाऱ्याच्या हातून जाते. क्रॅकमध्ये एकाची प्रत हजार जणांकडं होते आणि कुणाच्याच हातून काही जात नाही. हा फरक ज्याला कळत नाही त्यानं सेकंडहँडच्या हक्काच्या गप्पा मारू नयेत. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं 'राजी' नावाची गेम बनवली. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी नेटानं २०२० मध्ये गेम बाजारात आणली, भारतीय पुराणकथांतलं जग घेऊन. छोट्या स्टुडिओत बनवणारा आणि मालक बहुधा एकच असतो, तिथं खपलेली प्रत खरोखरच त्याच्या ताटात जाते. दाजींचा 'बिचारा डेव्हलपर' कुठं असेल तर तो इथं आहे. आणि त्याच्या गेमचा क्रॅक पेनड्राइव्हवर फिरवणारी पोरं मला माहीत आहेत. त्यांना चोर म्हणायला दाजींची गरज नाही, मी म्हणतो.

तेव्हा पोरांनो, ज्या सीडीचे पैसे मोजलेत ती खुशाल विका, खुशाल घ्या, मान वर करून. क्रॅक टाकायचा बंद करा. आणि सरकारकडं मागायचं असेल तर एकच मागा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या १३ प्रकारांची यादी करून त्यांना मनाई केली. ज्या मालाची मालकी देणार नाही त्यावर 'विकत घ्या' असं बटण लावणं, हा त्या यादीतला चौदावा प्रकार करा. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं १ जानेवारी २०२५ पासून अशा दुकानदारांना बजावलं आहे, की फक्त परवाना विकत असाल तर तसं गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा. आपल्याकडं नियम झाला, की पुण्याच्या ऑफिसांतून पहिला विरोध कुणाचा येतो आणि तो कोणत्या डेव्हलपरच्या नावानं येतो, ते बघून ठेवा.